मेश्राम काकाजींची इटली

लग्न होऊन मी भिलाईला आले, त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी एक उंच, वाळका माणूस आमच्या दारापुढे येऊन उकिडवा बसला. अंगात खाकी शर्ट, पायात घोट्याच्या वर जाणारे लष्करी बूट. त्याने खिशातून निळ्या काचेची गोटी काढली, आमच्या उंबऱ्यावर ठेवली आणि हात सोडला. गोटी जरा वेळ विचारात पडली. मग टुणकन आत उतरली, बैठकीतून गडगडत स्वयंपाकघरात गेली आणि शेगडीशी बसलेल्या माझ्या सासूबाईंच्या पायाला जाऊन लागली.

"तुमच्या घराचा उतार आत हाय," तो माणूस खेदाने म्हणाला. "येईन तं पयले तुमच्याच घरात येईन."

"कोण येईल?" मी विचारलं.

"लाव्हा," तो म्हणाला. मग गोटी परत मागून घेतली आणि शेजारच्या दाराकडे सरकला.

मी मुळात भित्री. माझं माहेर भंडाऱ्याकडचं, चारी बाजूंनी धानाची शेतं. तिथे भ्यायला फार तर साप आणि आमचे मोठे काका, एवढंच. लाव्हा म्हणजे काय हे मला ठाऊक नव्हतं, पण ज्या सुरात तो माणूस बोलला त्यावरून ते सासरच्या नातेवाइकांपेक्षा वाईट असावं हे कळलं. संध्याकाळी हे ड्यूटीवरून आले तशी मी रडायलाच लागले.

"अव, तो इटलीवाला मेश्राम हाय," हे हसत सुटले. "लढाईत इटलीत होता. तिथला एक डोंगर त्याच्या मनात बसला, दुसरं काही नाही. तू कावून भेतं?"

यांना हसायला काय जातं? हे होते पोलादाच्या कारखान्यात, भट्टीवर. जिथे लोखंड पाण्यासारखं वाहतं तिथे उभं राहून नोकरी करायची, आणि घरी येऊन मला विचारायचं, कावून भेतं!

मेश्राम काकाजी पवनीकडचे. फौजेत लॉरी चालवायचे आणि दुसऱ्या महायुद्धात दोन वर्षं इटलीत होते. आता प्लांटच्या बांधकामावर डंपर चालवत. दीक्षा घेतलेले, घरात बुद्धाची लहानशी मूर्ती आणि एक ट्रंक, बाकी माणूस एकटा. लग्न केलं नव्हतं. गल्लीत कोणी विचारलंच तर म्हणत, "इटलीत असं नाही. तिथं पन्नाशीतबी करते मानूस."

"इटलीत असं नाही" हे त्यांचं पालुपद. आमच्या नळावर बायका भांडल्या की ते तिथून जाता जाता म्हणत, "इटलीत असं नाही, बाई. तिथं याच्यापेक्षा मोठ्यानं भांडतात."

दर गुरुवारी त्यांना सुट्टी असे. त्या दिवशी संध्याकाळी पाण्याच्या टाकीच्या भिंतीवर कोळशाच्या तुकड्याने बूट काढायचा आणि पोरंबाळं, बायका, जो सापडेल त्याला इटली शिकवायची. "हा पाहा बूट. ही टाच, हा चवडा. चवडा या तिकोनी बेटाले लाथ मारून राहिला, त्याचं नाव सिसिली. बुटाच्या मधातून वरून खालवर कना गेला, तो अपेनाइन डोंगर. आन् वर डोक्यावर बर्फाचा पदर घेतला, ते आल्प्स."

"बुटाले डोकं कसं काय, काकाजी?" मी एकदा विचारलं.

"भूगोलात असते," ते म्हणाले.

आमची गल्ली मध्येच वाकलेली होती. त्यामुळे तीच इटली ठरली. नळाजवळ बाराही महिने पाणी साचलेलं, ते व्हेनिस. राशनचं दुकान म्हणजे रोम, कारण तिथे सगळे आशेने रांगेत उभे. आमची क्वार्टर पडली नेपल्समध्ये. आणि गल्लीच्या पूर्वेला, मैदानापलीकडे भट्टीची धुराडी दिसत, तो वेसुव्ह्यूस, आग ओकणारा डोंगर. त्याचं नाव मात्र काकाजी घेत नसत. नुसतं मान न वळवता मागे बोट करून "तो" म्हणत. आमच्या गावी आम्ही सापाला नाव न घेता जनावर म्हणायचो, तसं.

त्यांच्याकडून मी पुष्कळ शिकले. इटलीत लोक तोंडापेक्षा हाताने जास्त बोलतात. पाची बोटं जुळवून वर करायची आणि हलवायची, म्हणजे 'काय म्हणून राहिला बाबा तू?' ही खूण आमच्या नळावर इतकी चालली की एक दिवस वरणात मीठ जास्त झालं तेव्हा सासूबाईंनी मला तीच करून दाखवली. तिथे शेवया उकडून टमाट्याच्या रसात घालतात. गूळ नाही, दूध नाही. हे ऐकून बायकांनी गालावर हात मारून घेतले. तिथे दुपारी अख्खा देश झोपतो. आणि डोंगर कोपला की लोक देवीची मूर्ती खांद्यावर घेऊन बाहेर आणतात आणि तिचा मुखडा डोंगराकडे करतात.

"मंग थांबते का डोंगर?" मी विचारलं.

"कवा थांबते, कवा नाही," काकाजी म्हणाले आणि कोळसा खिशात घातला.

आता एक गोष्ट सांगते. ती सांगायला मला आजही लाज वाटते. आमच्या दाराजवळच्या कोनाड्यात एक कानतुटका कप पालथा घातलेला असे. तो सासूबाईंनी काकाजींसाठी ठेवला होता. घरातल्या कपांत मिसळायचा नाही, त्यांनी चहा प्यायला की त्यावर पाणी ओतून परत कोनाड्यात ठेवायचा, असं मला आल्या आल्या बजावलेलं. मी पहिल्यांदा त्यात चहा घेऊन गेले. काकाजींनी कपाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "नोको सूनबाई. इटलीत जेवनाआंदी दोन घंटे चहा नाही पेत."

पुढच्या वेळी म्हणाले, "इटलीत बुधवारी नाही पेत." त्याच्या पुढच्या वेळी, "ढगाळ असलं तं नाही पेत." मी नळावर जाऊन हे सगळ्यांना सांगितलं आणि आम्ही पोट धरून हसलो. आत या म्हटलं तरी येत नसत. बूट दाखवून म्हणत, "चौदा भोकं हायत, नाड्या सोडाले वेळ लागते." मग एक दिवस हे सहज बोलून गेले, की मेश्राम कॅन्टीनमध्ये पाळीला सहा-सहा कप चहा पितो. बुधवारी पण, ढगाळ असलं तरी.

मी तिथेच समजले आणि नळावर हसले होते ते आठवून मेल्याहून मेल्यासारखी झाले. पण कप कोनाड्यातून हलवायची हिंमत काही झाली नाही. सांगितलंच ना, भित्री!

आणखी एक खोड होती, तिने मात्र सगळी गल्ली हैराण. आपल्यात घरातून निघताना कोणी 'जातो' म्हणतं का? मेलेला माणूस जातो. जिवंत माणूस 'येतो' म्हणून निघतो. काकाजी रोज पहाटे डबा घेऊन गल्लीच्या तोंडाशी उभे राहत आणि खणखणीत आवाजात म्हणत, "जातो." आमच्या गल्लीतल्या निम्म्या बायकांचे नवरे भट्टीवर, नाहीतर उंच लोखंडी खांबांवर. सकाळी सकाळी तो शब्द कानावर पडला की काळजात धस्स व्हायचं.

"येतो म्हनत जा ना, काकाजी!" शेजारच्या शिलाईवाल्या गोंडाणेबाई हात जोडत.

"जातो," काकाजी म्हणत आणि निघून जात.

सासूबाई आतून ऐकू येईल अशा आवाजात पुटपुटत, "याच्या जिभेले हाड हाय का नाही!"

गुरुवारी भूगोल संपला की कवायत असे. काकाजी टाळी वाजवत आणि प्रत्येकाने तीन वस्तू घेऊन दारात यायचं. ओला टॉवेल, पाण्याची बाटली, पायात चपला. दागिने नाहीत, भांडी नाहीत. मग पळायचं. "शिवनाथकडं नाही पळाचं," ते बजावत. "नदीकडं उतार हाय. लाव्हा उतार पायते. आपुन उत्तरेले, मुरमाच्या ढिगावर." भिलाई पोळपाटासारखी सपाट. बांधकामाची माती टाकून झालेला तो ढिगारा हाच आमच्याकडचा डोंगर. त्यावर चढून आम्ही धापा टाकत उभे राहिलो की काकाजी सगळ्यांची डोकी मोजत. दोनदा मोजत. सगळी भरली की त्यांचा चेहरा एकदम सैल पडायचा.

सासूबाई कधी आल्या नाहीत. "म्हाताऱ्या मानसाले कोनता लाव्हा नेते," म्हणायच्या.

आणि मी? मी हसत हसत पळायचे, पण माझी भीती खरी होती. यांची दुपारची पाळी असली की रात्री हे घरी येईस्तोवर मी दारातून उठत नसे. आले की आधी हात बघायचे. शर्टावर ठिणग्यांनी पडलेली बारीक बारीक भोकं असायची, ती शिवता शिवता मी मोजायचे. काकाजींनी त्या भीतीला नुसतं नाव दिलं होतं.

एकदा मी त्यांना विचारलं, "लाव्हा येतो तरी कसा, काकाजी? धावत?"

"तेच तं," ते उंबऱ्याबाहेर बसत म्हणाले. "धावला असता तं लोकं पळाले असते. तो बैलबंडीच्या चालीनं येते, सूनबाई. रस्त्यानं येते. घराच्या भिंतीले टेकते, हळूच धकलते. मानसाले वाटते, लय वेळ हाय. म्हनून तं लोकं बसून राहतात."

मग त्यांनी त्या गावाबद्दल सांगितलं. डोंगराच्या पायथ्याचं गाव, तिथल्या लोकांना लॉरीत भरून खाली सुरक्षित जागी न्यायचा हुकूम झालेला. गावात आसुंता नावाची एक म्हातारी होती. काकाजी आधी दोन महिने त्या रस्त्याने जात-येत, तेव्हा ती त्यांना थांबवून पाव द्यायची. तिचं एकच ताट, एकच टेबल. "बस म्हने. मले तिनं कोन हायस हे इचारलंच नाही. आपल्याच ताटातला पाव तोडून देल्ला." त्या दिवशी काकाजींनी गावातून तीन खेपा केल्या.

"आणि ती?" मी विचारलं. "ती कोणत्या खेपेला आली?"

काकाजींनी बोटं जुळवली, हलवली, आणि इटलीत ऑलिव्ह कसे झोडपतात ते सांगायला लागले.

थंडीचे दिवस होते. माझा आणि सासूबाईंचा तीन दिवस अबोला चाललेला, कारण मी नळावर फार वेळ घालवते असं त्यांचं म्हणणं. यांची दुपारची पाळी. जेवून हे निघाले तेव्हा मी त्या व्हेनिसमध्येच होते, त्यामुळे निरोपही धड झाला नाही. संध्याकाळी मी दारात सूप घेऊन तांदूळ निवडत बसले होते. दिवस बुडालेला, अंधार पडायच्या बेतात. आणि एकाएकी माझ्या हातातले तांदूळ लाल झाले.

वर बघितलं. भट्टीच्या बाजूचं सगळं आभाळ पेटलेलं. लाल, मग केशरी, मग मध्यापर्यंत चढत आलेलं. आमची भिंत, टाकीवरचा तो बूट, गोंडाणेबाईंचा चेहरा, सगळं त्या रंगात न्हालेलं. भट्टी फुटली! एवढंच माझ्या डोक्यात आलं. भट्टी फुटली आणि हे तिथे आहेत.

काकाजी बाहेर आले. त्यांनी पहिल्यांदा मान वळवून त्या बाजूला पाहिलं. मग फौजेतला असावा असा आवाज निघाला, "टावेल! पानी! चपला! चला!"

आणि काय सांगू, सगळी गल्ली कवायतीसारखी निघाली! फक्त गोंडाणेबाईंनी टॉवेलऐवजी शिलाई मशीन डोक्यावर घेतलं. मी आत धावले. सासूबाई शेगडीपुढे भाकर थापत होत्या.

"आत्याबाई, उठा! भट्टी फुटली!"

"तू जाय," त्या शांतपणे म्हणाल्या. "मी नाही येत."

मी त्यांचा दंड ओढला. त्यांनी पिठाच्या हाताची पाची बोटं जुळवली आणि हलवली. बाहेरून लाल उजेड थेट शेगडीपर्यंत आला होता, गोटी गेली होती तसाच. मी त्यांचा हात सोडला आणि पळाले. हो, पळाले. म्हाताऱ्या सासूला टाकून पळाले. उगीच सारवासारव कशाला करू?

ढिगाऱ्यावर काकाजी डोकी मोजत होते. एकदा मोजली. परत मोजली.

"एक कमी हाय."

"सासूबाई," मी म्हटलं. "येत नाही म्हणतात. बसून राहिल्यात."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. खाली उतरले आणि ज्या बाजूला आभाळ पेटलं होतं त्या बाजूला, त्या जड बुटांनिशी धावत सुटले.

आम्ही वर उभे. आभाळ जरा विझायचं, पुन्हा भडकायचं. मी मनात यांना हाका मारत होते आणि सासूबाईंना, आणि मला वाटत होतं की आता या दोघांपैकी कोणीच मला ओ देणार नाही. किती वेळ गेला कोण जाणे. मग खालच्या रस्त्याने प्लांटमधला एक माणूस सायकलवरून शीळ घालत आला. आम्हाला तसं टॉवेलबिवेल घेऊन रांगेत उभं पाहून थांबला.

"काय बाई, इथं नाटक हाय काय?"

आम्ही आभाळाकडे बोटं केली.

"अव, ते स्लॅग हाय. लोखंडावरची साय. वितळली का काढून फेकून द्या लागते ना! आजपासून भट्टीच्या तुमच्याकडच्या अंगाले टाकून राहिले. आता रोजच पायसान." आणि परत शीळ घालत गेला.

कोणी हसलं, कोणी काकाजींच्या नावाने बोटं मोडली, गोंडाणेबाई मशीनवर बसून रडल्या. मला हसू येईना की रडू येईना. तशीच घराकडे निघाले.

आमच्या दाराबाहेर बूट होते. शेजारी शेजारी नीट ठेवलेले, चौदाही भोकांतून नाड्या सैल केलेल्या.

मी दारातच थांबले. आत शेगडीपुढे पाटावर काकाजी बसले होते, पाठ माझ्याकडे. समोर सासूबाई. काकाजींच्या हातात सासऱ्यांच्या वेळचा पितळी पेला होता.

"तिसऱ्या खेपेले तिनं दारात खुर्ची टाकली आन् बसली," ते सांगत होते. "मी म्हनलं, गाडी खाली करून येतो. तोर्नो. येतोले तिकडं तसं म्हनतात. तिनं हात हालवला. खाली गेलो तं साहेबानं गाडी दुसऱ्याच रस्त्यानं धाडली. मंग लढाई पुढं गेली. येतो म्हनलं होतं मी, माय. ती बसून राहिली असन."

सासूबाईंनी तव्यावरची भाकर उलटली.

"मंग आज आलास ना," त्या म्हणाल्या.

काकाजींचे खांदे हलायला लागले. मला राहवेना. मी आत जाऊन सांगून टाकलं, "काकाजी, काही नाही झालं. ते स्लॅग होतं." त्यांनी डोळे पुसले, शरमून मान खाली घातली. उठले, पेला उंबऱ्याबाहेर विसळायला निघाले, तेव्हा सासूबाईंनी तो हातातून काढून घेतला आणि घरातल्या भांड्यांत ठेवला. बूट घालायला त्यांना नेहमीसारखाच वेळ लागला. उठता उठता सवयीने म्हणाले, "जा..." आणि थांबले.

"येतो, माय," ते म्हणाले.

"ये," सासूबाई म्हणाल्या.

ते गेल्यावर मी म्हटलं, "आत्याबाई, तुम्हाला भीती कशी नाही वाटली हो?"

"कायची? माहा पोरगा इठ्ठल दुपारी जेवता जेवता सांगून गेला होता. आज सांजेले लाल दिसन म्हने, भेऊ नोका."

मी उडालेच. "मग मला सांगितलं का नाही?"

"तू बोलून राहिली होती का माह्याशी?"

"बरं, मला नाही. पण त्यांना तरी सांगायचं! ते बिचारे मरायच्या तयारीने आले होते."

त्यांनी कोनाड्यातला कानतुटका कप उचलला आणि शेगडीच्या राखेच्या डब्यात टाकला.

"सांगनारच होती," त्या म्हणाल्या. "पन तो उंबऱ्यावर बसून नाड्या सोडून राहिला होता. मांगं आभाळ जळते, आन् हा एकेक नाडी सोडते, माह्या घरात बूट येऊ नये म्हनून. मंग माह्या तोंडातून निघालंच नाही." मग म्हणाल्या, "त्याले सांगू नोको हो, मले मालूम होतं म्हनून."

मी कधी सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकाजी गोटी घेऊन परत दारात. उकिडवे बसले, उंबऱ्यावर गोटी ठेवली, हात सोडला. ती टुणकन उतरली, बैठकीतून गडगडत गेली आणि सासूबाईंच्या पायाला लागली. त्यांनी ती उचलून मुठीत धरली. परत काही देईनात.

"उतार आतच हाय रे," त्या आतून ओरडल्या. "ये आन् घेऊन जाय."

काकाजींनी नाड्या सोडायला घेतल्या. मी तोवर चहा टाकला.